आधी मोरीचे पाणी, मग भिंतीचा रंग

दरवर्षी जानेवारीच्या अखेरीस पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनमध्ये फुलांचे प्रदर्शन भरते. हे उद्यान सांभाळणारी अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था १८३० सालची, म्हणजे पुण्याच्या शेतकी कॉलेजपेक्षाही जुनी. हवेली, दौंड, पुरंदर, मुळशीकडची आपली मंडळी कोर्टकचेरीच्या नाहीतर मार्केट यार्डाच्या कामाला पुण्यात आली, की वाट वाकडी करून हे प्रदर्शन बघून जातात. गुलाबाचे ताटवे, कुंडीतले वड-पिंपळ, फुलांच्या रचना बघून जीव सुखावतो. परत जाताना पिशवीत एखादे रोप असते आणि डोक्यात एक विचार असतो : आपले घर पण असे का असू नये?

असावे की! शेतकऱ्याने चांगल्या घरात राहू नये, असे कुणी म्हणत असेल तर ते आम्हाला मान्य नाही. वर्षानुवर्षे मातीत राबणाऱ्या माणसाला संध्याकाळी पाय टाकायला नीटनेटके अंगण आणि डोळ्याला चार फुले हवीतच. शिवाय उरुळी कांचनपासून हडपसरपर्यंत रोपवाटिकांवर जगणारी कितीतरी कुटुंबे आहेत. त्यांच्या रोपांना गिऱ्हाईक मिळावे, ही आमचीही इच्छा आहे. प्रश्न हौसेचा नाही. ही हौस कुठून सुरू करायची, पैसा आधी कुठे घालायचा आणि कुठे घालायचा नाही, हा प्रश्न आहे. याचा विचार न झाल्यामुळे पुण्याच्या आसपासच्या गावांत जे चित्र दिसू लागले आहे, ते काही बरे नाही.

हडपसरच्या पुढे एका गावात अलीकडेच जाणे झाले. रस्त्याच्या कडेला नवा बंगला, समोर हिरवीगार लॉन, गेटपासून पायरीपर्यंत रंगीत पेव्हर ब्लॉक, भिंतींना झकास रंग. घरधन्याने मोठ्या हौसेने सगळे दाखवले. चहा झाल्यावर हात धुवायला मागच्या दारी गेलो, तर मोरीचे पाणी उघड्यावर साचलेले आणि त्यावर डासांचा थवा. घरातल्या आजी शेजारीच उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘इथं केळी होती, अळू होतं, एक शेवगा होता. आता पुढं बघायला लई भारी झालंय, पण कोथिंबिरीची काडीसुदीक बाजारातनं आणावी लागती.’

आजींचे हे बोलणे घरी येईपर्यंत कानात राहिले. पुढचे दार शहरासारखे झाले आणि मागचे दार पूर्वीपेक्षा वाईट झाले, असे हे एकच घर नाही. महापालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ गावे आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे गेली. तिथे आणि त्यांच्या पलीकडच्या गावांतही जमिनीच्या पैशातून किंवा सोसायटीच्या नाहीतर सोने तारणाच्या कर्जातून घरे उभी राहताहेत. घर उभे राहते, पण पैशाचा मोठा वाटा दिसणाऱ्या गोष्टींत जातो आणि रोजच्या जगण्याला लागणाऱ्या गोष्टी राहून जातात.

हिशेब करून बघा

लॉनचेच घ्या. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. एप्रिल-मे महिन्यात हिरवळ हिरवी ठेवायची तर दर चौरस मीटरला रोज पाच लिटरच्या आसपास पाणी लागते. म्हणजे गुंठाभर लॉनला रोज सुमारे ५०० लिटर. एवढ्या पाण्यात गोठ्यातल्या सात-आठ मोठ्या जनावरांची तहान भागते. बदल्यात लॉन काय देते? ना भाजी, ना चारा, ना सावली. वर कापायला माणूस लागतो. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, त्या गावात लॉन लावणे म्हणजे घरच्या जनावराला दावणीवर उपाशी ठेवून शेजाऱ्याच्या घोड्याला खुराक घालण्यासारखे आहे.

पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीटचेही तेच. सगळे अंगण बुजवले की पावसाचे पाणी मुरायला जागा राहत नाही. ते रस्त्यावर जाते किंवा भिंतीच्या पायाशी थांबते आणि भिंतीला ओल धरते. उन्हाळ्यात हीच फरशी तापून रात्री उशिरापर्यंत घरात झळा टाकते. मग पंखा पुरत नाही, कूलर येतो, विजेचे बिल वाढते. एका चुकीच्या खर्चाच्या पोटी असे आणखी चार खर्च जन्माला येतात.

गंमत अशी, की आपण ज्या शहराची नक्कल करतो आहोत, त्या शहरातली जाणती माणसे नेमकी उलट्या दिशेने निघाली आहेत. पुण्यातल्या अनेक गच्च्यांवर आज भाजीपाला पिकतो. विटा रचून केलेले वाफे, त्यात वाळलेला पाला, रसवंतीवरची उसाची चिपाडे, स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि मूठभर माती, एवढ्यावर वांगी, टोमॅटो, पालेभाज्या येतात. मुंबईच्या डॉ. आर. टी. दोशी यांनी चिपाडांवरची ही ‘नगर शेती’ करून दाखवली. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी तर ‘प्रयोग परिवारा’तून थोड्या जागेत, पालापाचोळ्याच्या जोरावर कुटुंबाची गरज कशी भागवता येते, हे शेतकऱ्यांना सोबत घेऊन अभ्यासले. पुणे महापालिका गांडूळखत, पावसाचे पाणी साठवणे, सौर यंत्रणा असे प्रकल्प करणाऱ्या घरांना मिळकत करात ५ ते १० टक्के सवलत देत आली आहे. म्हणजे शहरातला माणूस चौथ्या मजल्यावर माती वाहून नेऊन परसबाग करतो आणि आपण दाराशी असलेल्या मातीवर सिमेंट ओततो.

यात आणखी एक दुखणे आहे. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोत येत राहिला. विहिरींचे पाणी नासले, दुर्गंधीने जगणे नकोसे झाले, म्हणून तिथल्या ग्रामस्थांनी पुन्हा पुन्हा आंदोलने केली. ही गावे २०१७ मध्ये महापालिकेत गेली आणि २०२४ मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. शहराने आपला ओला कचरा आपल्याच दारात जिरवला असता, तर एवढी वेळ आली नसती. पण हा धडा फक्त शहराला लागू नाही. आज आपल्या गावांतूनही खरकटे, प्लॅस्टिक, जुने कपडे एकाच ढिगात ओढ्याकाठी पडू लागले आहेत. आपला कचरा आपल्या परसात जिरला पाहिजे, हे सांगण्याचा हक्क आपल्याला हवा असेल, तर ते आधी करून दाखवले पाहिजे.

पैसा कोणत्या क्रमाने घालावा

आमचे सांगणे सरळ आहे. घर नटवायचे तर आधी सांडपाणी, मग ऊन, मग परसबाग आणि शेवटी रंग-फरशी, असा क्रम ठेवावा. पहिल्या तीन कामांना पैसा कमी आणि अंगमेहनत जास्त लागते. चौथ्याला पैसाच लागतो. आपण नेमके चौथ्यापासून सुरू करतो आणि तिथेच पैसा संपतो.

आणि काम काढण्याआधी एक करावे. गवंड्याला बोलावण्यापूर्वी घरातल्या बाईमाणसांना विचारावे. रोज पाय कुठे घसरतो, धूर कुठे कोंडतो, दिवसा कुठे दिवा लावावा लागतो, पाण्याची घागर किती लांबून आणावी लागते, पाऊस कुठून आत येतो? या पाच प्रश्नांच्या उत्तरांतच तुमच्या दुरुस्तीची यादी तयार होते. त्याला वेगळा वास्तुविशारद लागत नाही.

पहिले काम : सांडपाणी

मोरीचे आणि भांडी घासण्याचे पाणी उघड्यावर सोडू नये, हे सगळ्यांना माहीत आहे. पण करणार कोण? नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने ते केले. घरोघरी शोषखड्डे घेतले, गटारे बंद केली आणि डासांचा त्रास हटवला. पुढे हाच ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून राज्यात गाजला. पद्धत साधी आहे. साधारण चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल खड्डा घ्यायचा. मध्ये बाजूंना भोके असलेली सिमेंटची छोटी टाकी ठेवायची. टाकीच्या भोवती तळाशी मोठे दगड, वर लहान दगड भरायचे. मोरीचा पाइप टाकीत सोडायचा आणि वरून झाकण लावायचे. टाकीत गाळ, अन्नाचे कण खाली बसतात आणि पाणी भोकांतून निघून जमिनीत मुरते. डासाला अंडी घालायला उघडे पाणीच उरत नाही.

काही पथ्ये मात्र पाळावीत. पाणी टाकीत जाण्याआधी जाळी लावावी आणि टाकीतला गाळ अधूनमधून काढावा, नाहीतर खड्डा तुंबतो आणि मग लोक शोषखड्ड्यालाच नावे ठेवतात. संडासचे पाणी यात कधीही सोडू नये. पिण्याच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून हा खड्डा निदान पन्नास फूट लांब असावा. काळ्या चिकण जमिनीत पाणी लवकर मुरत नाही. तिथे मुरूम लागेपर्यंत खोल जावे, नाहीतर पाणी परसातल्या केळीकडे वळवावे.

केळी, अळू, कर्दळ ही सांडपाणी पिणारी झाडे. आपल्या आज्या-पणज्यांनी मोरीच्या तोंडाशी ती उगाच लावली नव्हती. साबणाचे पाणी आधी खडी-वाळूच्या छोट्या खड्ड्यातून जाऊ द्यावे, मग झाडांना द्यावे. कोथिंबीर, मुळा, पुदिना अशा कच्च्या खायच्या भाज्यांना मात्र हे पाणी देऊ नये.

दुसरे काम : ऊन आणि पाऊस

पत्र्याच्या घरात मे महिन्यात दुपारी बसवत नाही. बाळंतीण आणि म्हातारी माणसे यांचे तर हाल बघवत नाहीत. यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पांढरे छप्पर. पांढऱ्या रंगावरून ऊन परतते. अहमदाबाद शहराने २०१७ मध्ये गरीब वस्त्यांतल्या घरांची छपरे पांढरी करण्याची मोहीमच हाती घेतली होती. स्लॅबचे घर असेल तर उन्हाळ्याच्या तोंडाला चुन्याचे दोन-तीन हात द्यावेत. कळीचा चुना आदल्या दिवशी पाण्यात फोडून ठेवावा, गाळून घ्यावा आणि चिकटपणासाठी त्यात डिंक किंवा फेविकॉल घालावा. चुना फोडताना पाणी उकळते आणि उडते, म्हणून पोरांना लांब ठेवावे आणि डोळे सांभाळावेत. लोखंडी पत्र्यावर चुना टिकत नाही, तिथे ऊन परतवणारा पांढरा रंग लावावा. जुना सिमेंटचा पत्रा असेल तर तो घासू-खरवडू नये आणि कापू नये. त्यातली बारीक धूळ छातीला घातक असते.

दुसरा उपाय वेलांचा. घराच्या पश्चिम बाजूला, भिंतीपासून दोन-तीन फूट सोडून, बांबू आणि तारेचा मांडव करावा. त्यावर दुधी, दोडका, तोंडली, कारली, घेवडा चढवावा. तिसऱ्या प्रहरचे ऊन वेलावर पडेल, भिंतीवर पडणार नाही. भाजी मिळेल ती वेगळीच. वेल थेट भिंतीला मात्र टेकवू नये, भिंत ओल धरते आणि वाळवीला वाट मिळते. छपरावर कडबा किंवा उसाचे पाचट पसरण्याची काही ठिकाणी रीत आहे, तिला आमचा विरोध आहे. एका ठिणगीत घर जाईल.

अंधाऱ्या घराला दिवसा दिवा लावण्याऐवजी कौलारू छपरात दोन काचेची कौले बसवावीत, पत्र्याच्या घरात एक पारदर्शक पत्रा. चुलीच्या वर धूर जायला जागा ठेवावी. किरकोळ खर्चाची ही कामे, पण घरातल्या बाईच्या डोळ्यांना आणि छातीला त्यांचा आराम आयुष्यभराचा.

आता पावसाचे पाणी. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होते. पुण्याचा वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास धरला आणि छप्पर पाचशे चौरस फुटांचे, म्हणजे साधारण ४६ चौरस मीटरचे धरले, तरी तीस हजार लिटरच्या वर पाणी आपल्या डोक्यावर पडून वाहून जाते. सगळे साठवणे जमणार नाही. पण पन्हाळ लावून ते एका बाजूला आणले, पहिल्या पावसाचे पाणी सोडून देऊन बाकीचे झाकणाच्या पिंपात भरले आणि उरलेले परसातल्या खड्ड्यात मुरवले, तरी दोन फायदे होतात. भिंतीच्या पायाशी पाणी मरत नाही आणि पुढे रोपांना पाणी मिळते.

तिसरे काम : परसबाग

परसबाग हा शब्द आता सरकारी कागदावर जास्त आणि घरामागे कमी दिसतो. राज्याच्या ‘उमेद’ अभियानाने २०२० मध्ये ‘माझी पोषण परसबाग’ मोहीम काढली, बचत गटांच्या महिलांनी ती मनावर घेतली. करोनाच्या टाळेबंदीत बाजार बंद असताना ज्यांच्या दारात चार वेल होते, त्यांची ताटे भाजीविना राहिली नाहीत. हे लक्षात ठेवायला हवे.

एका गुंठ्यात किंवा त्याहून कमी जागेत काय काय येते ते बघा. कोपऱ्यात एक शेवगा, एक कढीपत्ता, एक लिंबू, दोन पपया. मोरीकडे केळी आणि अळू. कुंपणाला वाल, घेवडा, तोंडली. मधल्या वाफ्यांत मेथी, पालक, चुका, अंबाडी, वांगी, मिरची, टोमॅटो, एकदम न पेरता आठ-दहा दिवसांच्या अंतराने, म्हणजे रोज थोडे निघते आणि वाया जात नाही. बांधावर झेंडू, गवती चहा, तुळस. झेंडू दाराला तोरण देतो आणि त्याची मुळे सूत्रकृमीला आवरतात. शेवग्याच्या फांद्या वाऱ्याने पटकन मोडतात, म्हणून तो घराच्या भिंतीपासून दहा फूट लांब लावावा.

बियाणे विकतच आणले पाहिजे असे नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांचे बी घरात जपून ठेवले, मातीच्या घरात बियाणे बँक उभी केली. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या बाएफ संस्थेची त्यांना साथ मिळाली. २०२० च्या पद्म पुरस्कारांत राहीबाईंना पद्मश्री जाहीर झाली. शाळेची पायरी न चढलेल्या बाईने जे केले, ते प्रत्येक गावात चार बायका करू शकतात. चांगल्या वेलावरचे पहिले निरोगी फळ बियाण्याला राखायचे, बी सावलीत सुकवायचे, राखेत घोळून मडक्यात ठेवायचे, एवढेच.

खतासाठी परसात तीन फूट खोल खड्डा घ्यावा. पालापाचोळा, भाजीची देठे, गोठ्यातले शेण एकावर एक थर देऊन टाकावे आणि ओल राखावी. एक खड्डा भरला की दुसरा सुरू करावा. तीन-चार महिन्यांत घरचे खत तयार. ज्यांच्याकडे जनावरे नाहीत, पण खरकटे आणि वाया जाणारे धान्य आहे, त्यांनी डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती संस्थेने तयार केलेल्या छोट्या बायोगॅस संयंत्राची माहिती घ्यावी. ते शेणाऐवजी खरकट्यावर चालते, त्याला २००६ मध्ये इंग्लंडचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला होता.

कुंड्या विकत घ्यायची गरज नाही. तेलाचे डबे, फुटकी घमेली, माठ, खताची रिकामी पोती धुऊन, तळाला भोके पाडून वापरता येतात. पण एक गोष्ट कळकळीने सांगतो. कीटकनाशकाचा किंवा तणनाशकाचा डबा कितीही धुतला तरी भाजी लावायला, पाणी भरायला वापरू नका. तो ठेचून, भोके पाडून निकामी करावा, पोरांच्या हाती लागू देऊ नये.

चौथे काम : रंग आणि फरशी

एवढे झाल्यावर रंगाकडे वळावे. भिंत ओली असेल तर कितीही भारी रंग लावा, पुढच्या पावसाळ्यानंतर पापुद्रे सुटणारच. आधी ओल कुठून येते ते शोधावे. बहुतेक वेळा ती पायाशी साचणाऱ्या पाण्यातून येते. घराभोवती दोन फुटांची उतार असलेली पट्टी केली आणि पाणी लांब नेले, की अर्धे दुखणे बरे होते.

जुन्या माती-दगडाच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नये. माती आणि सिमेंट एकमेकांना धरत नाहीत, गिलावा पोकळ होऊन पडतो आणि आतली ओल आतच राहते. ऑइलपेंटचेही तसेच. अशा भिंतीला माती-भुश्श्याचा किंवा चुन्याचा गिलावा आणि वरून चुना, हेच योग्य. चुन्यात थोडी नीळ घातली की भिंत उजळते, पिवडी किंवा गेरू घातला की रंग येतो. दिवाळीआधी दरवर्षी एक हात दिला, की घर नवे दिसते.

अंगणात सगळीकडे फरशी नको. दारापासून गोठ्यापर्यंत आणि मोरीपर्यंत पायवाट तेवढी शहाबादी तुकड्यांची करावी, वाळूवर मांडून, मध्ये फटी ठेवून. बाकी अंगण मातीचेच असू द्यावे. पुण्यात जुने वाडे पाडले जातात तेव्हा सागवानी दारे, खिडक्या, फरशा, कौले विकायला निघतात. नव्या लाकडापेक्षा ती स्वस्त पडू शकतात. घेताना लाकूड ठोकून आणि टोचून बघावे, वाळवीचे असेल तर फुकट दिले तरी आणू नये.

पंचायतीने काय करावे

आता थोडे सरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी मंडळींशी. २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, तेव्हा गावेच्या गावे हातात झाडू घेऊन बाहेर पडली होती. घरे रंगली, उकिरडे हलले, दारात झाडे आली. पैशापेक्षा गावाची ईर्ष्या मोठी होती. त्यातली किती गावे आजही तशी आहेत, हे ज्याने त्याने आपल्या गावापुरते तपासावे.

गल्ल्यांना पेव्हर ब्लॉक बसवणे हे सध्या पंचायतींचे आवडते काम झाले आहे. काम दिसते आणि फलक लागतो. आमची विनंती आहे की ब्लॉक बसवण्याआधी त्या गल्लीतल्या प्रत्येक घराच्या सांडपाण्याचा निकाल लावावा. नाहीतर ब्लॉक उखडून पुन्हा पाइप टाकावे लागतात आणि एका कामाचे पैसे दोनदा जातात. गल्लीच्या दोन्ही बाजूंना झाडांसाठी मातीची जागा सोडावी.

घरकुलाच्या लाभार्थ्यांकडे तर वेगळे लक्ष हवे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आणि सपाट भागातले अनुदान १ लाख २० हजार रुपये. राज्याने २०२५ मध्ये त्यात ५० हजारांची भर घातली, त्यातले १५ हजार सौर यंत्रणेसाठी. एवढ्या पैशात आजच्या भावाने घर पुरे करताना गरिबाच्या नाकी नऊ येतात. त्यात शेजाऱ्याचे बघून तो मोठा पाया काढतो, सावकाराकडे जातो, आणि घर लिंटलला अडकते. पहिला हप्ता देतानाच त्याला बसवून सांगा : पाया आपल्या पैशापुरता काढ, मोरी आणि शोषखड्डा आराखड्यातच धर, मागे दोन वाफ्यांची जागा सोड, टाइल्स आणि रंग नंतर बघू. हे पाच मिनिटांचे बोलणे एखाद्या घराला कर्जातून वाचवू शकते.

आणखी दोन गोष्टी करता येतील. शाळेच्या किंवा पंचायतीच्या आवारात बचत गटाकडून रोपवाटिका चालवावी आणि पावसाळ्याच्या तोंडाला शेवगा, कढीपत्ता, पपईची रोपे घरोघरी द्यावीत. आणि ज्या घराचा ओला कचरा व सांडपाणी घरातच जिरते, त्या घराला घरपट्टीत काही सवलत देता येईल का, याचा विचार ग्रामसभेत करून गटविकास अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा. शहर देते, तर गावाने का देऊ नये? निदान पंधरा ऑगस्टला ध्वजवंदनानंतर अशा घरातल्या माउलीचा सत्कार तरी करावा. त्याला कसलाच निधी लागत नाही.

शेतकरी बंधू-भगिनींनो, पाहुणा पुढच्या दाराने येतो आणि तासाभरात निघून जातो. आपल्याला वर्षाचे बारा महिने मागच्या दाराशी काढायचे असतात. रोगराई तिथूनच घरात येते आणि भाजीही तिथूनच. म्हणून यंदा घराला हात लावायचा विचार असेल, तर सोसायटीच्या पायऱ्या चढण्याआधी एकदा मागच्या दारी जाऊन उभे राहा. मोरीचे पाणी कुठे जाते ते बघा. कुदळ-फावडे घरात आहेच, दगडांना गावात तोटा नाही. खड्ड्याचे काम उन्हाळ्यातच उरकून घ्या, आणि मृगाचा पाऊस पडला की तिथे पहिला केळीचा मुनवा लावा. रंगाचे दिवाळीला बघू.